ओल्या राइडवर डर्ट बाइक बंद का पडते, आणि पाण्याचा बंदोबस्त कसा करायचा

प्रश्न असा आहे : कोरड्यात बिनतक्रार चालणारी डर्ट बाइक ओढा ओलांडताना किंवा सततच्या पावसात अचानक बंद पडते, थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू होते. पाणी नेमकं जातं कुठून, आणि कशाकशाला सील लावायचं?

सगळीकडे सिलिकॉन फासायचा विचार आधी सोडा. पाण्याच्या बाबतीत बाइकवर दोन प्रकारचे भाग असतात आणि दोघांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. प्लग कॅप, कॉइल, सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा), किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण), कनेक्टर हे ठिणगीचे भाग. ते बंद आणि कोरडे ठेवायचे. कार्बचा (कार्ब्युरेटरचा) बाउल, म्हणजे त्याच्या तळाची पेट्रोलची वाटी, पेट्रोलची टाकी, क्रँककेस (इंजिनचं खालचं कवच), गिअरबॉक्स हे श्वास घेणारे भाग. त्यांची तोंडं बुजवली तर गाडी भर उन्हातसुद्धा बंद पडेल. त्यांच्या नळ्या फक्त उंचावर, कोरड्या जागी न्यायच्या. पाणी फटीतून झिरपतं असं आपण धरून चालतो, पण बऱ्याचदा ते आत ओढलं जातं. तापलेलं इंजिन थंड पाण्यात उतरलं की बंद पोकळ्यांमधली हवा आकसते आणि जी वाट सापडेल तिथून बाहेरचं आत खेचते. नळीचं टोक पाण्यात असेल तर पाणीच खेचलं जाणार.

काहीही उघडण्याआधी गाडी कशी बंद पडते ते नीट पाहा. खोल पाण्यात उतरल्यावर काही सेकंदांत, आधी जड होऊन किंवा पेट्रोल संपल्यासारखी मरते आणि बाहेर काढल्यावर मिनिटभरात सुरू होते : व्हेंट नळ्या (हवा जाण्या-येण्याच्या). पाणी उडाल्यावर मिस मारते (मधेच ठिणगी चुकते), सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो, इंजिन तापलं की सुधारते : ठिणगी. रेस दिली की चालते पण आयडलला उभी राहत नाही : पायलट जेटमध्ये (आयडलचं पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात) पाण्याचा थेंब. पावसात दहा-पंधरा मिनिटं बरी चालून मग दम तोडते आणि टाकीचं झाकण उघडल्यावर फुस्स आवाज येतो : टाकीचा व्हेंट चिखलाने बुजलाय. हवा दमट आणि ० ते १५ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड असताना बंद पडते, दोन-चार मिनिटं नुसती उभी ठेवली की काही न करता चालू होते : कार्बच्या गळ्यात बर्फ धरतोय. पेट्रोलची वाफ होताना हवा इतकी थंड होते की तिच्यातली आर्द्रता थ्रॉटलच्या स्लाइडवर गोठते. कार्बला कूलंटने गरम ठेवायची सोय असेल तर ती अशा दिवसांत चालू ठेवा, आणि सततची एकसारखी अर्धी रेस टाळा.

आता व्हेंट नळ्या. कार्बच्या गाड्यांमध्ये पाण्यात बंद पडण्याचं हे सगळ्यात मोठं आणि सगळ्यात सहज दूर होणारं कारण आहे. फ्लोट बाउलमधलं पेट्रोल जेटमधून वर चढतं ते बाउलवर बाहेरच्या हवेचा दाब असतो म्हणून. तो दाब पोहोचवण्यासाठी कार्बच्या अंगातून दोन ते चार नळ्या निघतात आणि इंजिनमागून खाली लोंबतात. तळाची ओव्हरफ्लोची नळी वेगळी. या सगळ्यांची टोकं बहुतेक गाड्यांवर स्विंगआर्मच्या बुडाशी, म्हणजे ओढ्यात सगळ्यात आधी बुडणाऱ्या जागी असतात. टोकं बुडाली की बाउलचा बाहेरच्या हवेशी संबंध तुटतो. पाणी नळीत वर चढताना आतला दाब वाढवतं, मिश्रण रिच होतं (पेट्रोल जास्त, हवा कमी) आणि गाडी जड पडते. कार्ब थंड झाला किंवा बाउलमधली पातळी उतरली की दाब उलट घटतो आणि पेट्रोल चढेनासं होतं. जेटमधून पेट्रोल उचलणारा दाबातला फरक कमी रेसवर अगदी किरकोळ असतो, त्यामुळे २० सेंमी पाण्याचा दाबसुद्धा सगळं गणित बिघडवतो.

खात्री घरीच करता येते. गाडी मोकळ्या हवेत आयडलवर ठेवा आणि सगळ्या व्हेंट नळ्यांची टोकं पाण्याने भरलेल्या बादलीत २० ते २५ सेंमी खोल धरा. इंजिनचा सूर बदलला, ते डगमगलं किंवा बंद पडलं, तर ओढ्यातही हेच होत होतं.

उपाय म्हणजे टी जॉइंट. प्रत्येक व्हेंट नळी कार्बच्या निपलपासून जेमतेम ४-५ सेंमीवर कापा आणि तिथे प्लास्टिकचा किंवा पितळी टी बसवा. टीचं एक तोंड कार्बकडे. दुसऱ्याला जुनी नळी पूर्वीसारखी खाली सोडा. तिसऱ्याला नवी नळी लावून ती टाकीखाली, फ्रेमच्या कण्यालगत, जमेल तितकी उंच न्या. नळीचा आतला व्यास बहुतेक ठिकाणी ५ ते ६ मिमी लागतो, पण अंदाजाने आणू नका, निपल मोजा. पेट्रोलला टिकणारीच नळी घ्या. मत्स्यालयाची पारदर्शक नळी काही महिन्यांत कडक होऊन निसटते. वरच्या टोकात एअर फिल्टरच्या फोमचा लहानसा तुकडा सैल बसवा, म्हणजे माती जाणार नाही. केबल टाय नळी हलणार नाही इतपतच आवळा, चिमटली की सगळं व्यर्थ. खालच्या टोकांना ४५ अंशाचा तिरका काप द्या. सरळ कापलेल्या तोंडावर चिखलाचा किंवा पाण्याचा पडदा लगेच धरतो.

सगळ्याच नळ्या वर वळवल्या तर टीची गरज काय, असं वाटेल. खालची वाट ठेवावीच लागते. गाडी आडवी पडली किंवा फ्लोटची (बाउलमधली पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) सुई अडकली की जास्तीचं पेट्रोल याच नळ्यांतून बाहेर पडतं. खाली वाट नसेल तर ते तापलेल्या इंजिनवर किंवा एअरबॉक्समध्ये (एअर फिल्टरच्या डब्यात) सांडेल. आणि नवी नळी एअरबॉक्समध्ये नेत असाल तर ती फिल्टरच्या बाहेरच्या, म्हणजे मळक्या बाजूलाच सोडा. फिल्टरच्या आतल्या बाजूला इंजिनची ओढ असते, तिथे व्हेंट गेला की बाउलचा दाब घटून मिश्रण लीन होतं (पेट्रोल कमी पडतं).

टीचीही मर्यादा आहे. टी पाण्याखाली गेला की खालच्या फाट्यातून चढलेलं पाणी सरळ बाउलमध्ये उतरेल. म्हणून तो कार्बच्या जवळ, वर बसवायचा. तसंही पाणी तिथवर पोहोचलं तर एअरबॉक्सही बुडायच्या बेतात असतो.

ठिणगीकडे वळू. प्लगच्या इलेक्ट्रोडमधलं अंतर ओलांडायला हजारो व्होल्ट लागतात, आणि वीज नेहमी सोपी वाट धरते. प्लग जुना होऊन गॅप वाढलेला असेल तर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. अशा वेळी ओल्या कॅपच्या आतून, चिनी मातीच्या बाहेरच्या अंगावरून इंजिनच्या धातूकडे पळणं तिला सोपं जातं. कोरड्यात हाच प्लग तक्रार करत नाही, म्हणून तो कुणी बदलत नाही. ओल्या हंगामाआधी नवा प्लग टाका, गॅप मॅन्युअलप्रमाणे ठेवा.

कॅप काढून आतून उजेडात पाहा. पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली तर तिथून वीज गळून कार्बनची वाट तयार झाली आहे. ती पुसून जात नाही, कॅप बदलाच. रेझिस्टर असलेल्या बऱ्याच कॅपचा रोध ५ किलोओहमच्या आसपास असतो. मल्टिमीटर लावून वायर हलवत मोजा. आकडा उड्या मारत असेल तर कॅप आणि वायरचा जोड सैल आहे. कॅप पिळून काढा, वायर ५ मिमी कापा, ताज्या तांब्यावर पुन्हा पिळून बसवा. मग वायर कॅपमध्ये शिरते तिथे आणि कॅपचं रबर प्लगवर बसतं तिथे आतून डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर द्या. हे ग्रीस वीज वाहत नाही. त्याचं काम रबराच्या कडेला पाणी अडवणं एवढंच, म्हणून ते धातूच्या टोकावर थापू नका आणि कॅप भरून टाकू नका. आत कोंडलेली हवा तापून कॅप वर उचलली जाते आणि दर धक्क्याला मिस लागतो.

फोर-स्ट्रोकमध्ये प्लग हेडच्या खोल विहिरीत असतो. त्या विहिरीतलं पाणी जायला बऱ्याच हेडच्या बाजूला एक बारीक भोक असतं. ते चिखलाने बुजलं की विहीर भरते, कॅप पाण्यात उभी राहते, आणि इंजिन तापल्यावर तीच वाफ कॅपमध्ये शिरते. दर धुण्यानंतर बाहेरून बारीक तार घालून भोक मोकळं करा. टू-स्ट्रोकमध्ये ही विहीर नसते, पण प्लग टाकीखाली पुढे उघडा असतो आणि पुढच्या चाकाचं सगळं पाणी त्याच्यावर येतं. मडगार्डमागे, रेडिएटर आणि टाकीच्या मधल्या फटीत जुन्या ट्यूबचा रबरी पडदा बांधला तर फरक लगेच जाणवतो. तो रेडिएटरच्या जाळीवर मात्र येऊ देऊ नका.

गळती शोधायची उत्तम पद्धत : रात्री अंधारात इंजिन चालू ठेवा आणि प्लग कॅप, वायर, कॉइलवर झाडांना मारायच्या स्प्रेने पाण्याचं धुकं मारा. गळत असेल तिथे निळसर ठिणग्या नाचताना दिसतील. हात लावू नका, धक्का जोरदार बसतो. जवळपास पेट्रोल गळत नाही ना, हे आधी पाहून घ्या.

किल स्विचकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. बऱ्याच डर्ट बाइकवर हा स्विच दाबला की ठिणगीचं सर्किट बॉडीला जोडलं जातं. स्विचमध्ये गढूळ पाणी गेलं की तो न दाबताही अर्धवट जोडलेला राहतो, आणि ठिणगी कमजोर होते किंवा जाते. वाटेत ठिणगी मिळत नसेल तर पहिली पायरी हीच : किल स्विचचा कनेक्टर सोडा आणि ठिणगी पाहा. परत आली तर दोषी सापडला. अर्थात मग इंजिन बंद करायला चोक किंवा गिअरमध्ये क्लच सोडणं हाच मार्ग उरतो, हे लक्षात ठेवूनच पुढे जा. नंबर प्लेटच्या गाड्यांवर साइड स्टँडचा आणि क्लचचा स्विचही असाच दगा देतो. साइड स्टँडचा तर थेट चाकाच्या फवाऱ्यात असतो.

बाकी कनेक्टर एकेक उघडा, कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, पूर्ण वाळू द्या, रबरी सीलवर ग्रीस लावा, टिक आवाज येईपर्यंत दाबा. हिरवट पिना खरवडून भागत नाही, बदला. वायर कनेक्टरमध्ये खालून वर शिरेल अशी वळवा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी वळणाच्या तळाशी गळून पडेल. कनेक्टरभोवती काळी टेप गुंडाळणं मला अजिबात पटत नाही. पाणी आत जातंच, आणि मग टेप ते आठवडाभर धरून ठेवते.

टू-स्ट्रोकच्या मॅग्नेट कव्हरमागची पोकळी कोरडी असते आणि इंजिनच्या उष्णतेने तापते. सुरुवातीला सांगितलेली ओढ इथे सगळ्यात जोरात लागते : ओढ्यात उतरलं की कव्हरच्या वायर बाहेर येणाऱ्या रबराजवळून पाणी आत जातं, पिकअप (ठिणगीची वेळ कळवणारा सेन्सर) आणि कॉइल भिजतात, फ्लायव्हील गंजतं. गॅस्केट दाबून चपटी झाली असेल तर नवी घाला, दोन्ही बाजूंना ग्रीसचा हलका हात द्या, आणि वायरच्या रबराभोवती सिलिकॉन सीलंट. सिलिकॉनला योग्य अशा मोजक्या जागांपैकी ही एक. खोल पाण्याआधी पाच मिनिटं थांबून इंजिन थोडं निवू दिलं तर ही ओढ बरीच कमी होते.

क्रँककेसचा ब्रीदर फोर-स्ट्रोकला जपावाच लागतो. इंजिन चालू असताना तो हवा बाहेर फेकतो, पण पाण्यात बंद पडलं की आतली गरम वाफ निवून आकसते आणि त्याच नळीने पाणी तेलात येतं. नळीचं टोक टाकीखाली न्या किंवा कार्बसारखाच टी लावा. टू-स्ट्रोकच्या गिअरबॉक्सच्या ब्रीदरलाही हेच.

एअर फिल्टर फोमचा आणि नीट तेल लावलेला असला तर पाण्याचे शिंतोडे बराच काळ अडवतो. तेल खास फोम फिल्टरचंच लावा. साधं इंजिन ऑइल ओघळून खाली जमतं आणि वरचा फोम कोरडा पडतो. धुतल्यावर फोम पूर्ण वाळला पाहिजे, ओल्या फोमला तेल धरत नाही. तेल मळून सगळीकडे एकसारखं करा, जास्तीचं दाबून काढा (पिळू नका, जोड फाटतात), आणि त्यातला सॉल्व्हंट उडेपर्यंत ठेवा. फिल्टरच्या बसणीच्या कडेवर वॉटरप्रूफ ग्रीसची सलग रेघ हवी, कारण पाणी फोममधून जाण्याआधी या कडेवरून जातं. एअरबॉक्सच्या तळाचा रबरी ड्रेन चिखलाने चिकटलेला नसावा आणि गळून पडलेलाही नसावा. गळून पडला असेल तर मागच्या चाकाचं पाणी थेट वर येतं. कागदी फिल्टर भिजला की जवळजवळ हवाबंद होतो, तो अशा वापराला नकोच.

पेट्रोलमधलं पाणी हा वेगळा विषय. पाणी जड असल्याने बाउलच्या तळाशी, जेटच्या अगदी खाली बसतं. पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान असतं, आणि एकच थेंब पृष्ठताणामुळे तिथे अडकून बसतो. केहिन कंपनीच्या बऱ्याच कार्बना बाउलच्या तळाला १७ मिमीचा नट असतो. पेट्रोल कॉक बंद करून तो सोडा आणि निघणारं पेट्रोल पारदर्शक डबीत धरा. पाणी तळाशी मण्यांसारखं वेगळं दिसतं. ते पुन्हा पुन्हा येत असेल तर टाकीच झाकणाच्या रबरातून किंवा व्हेंट नळीतून पाणी घेतेय. १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल लिटरमागे साधारण ५ मिली पाणी स्वतःत मुरवतं. त्याहून जास्त झालं किंवा थंडी वाढली की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला वेगळे होतात. असं पेट्रोल हलवून सुधारत नाही, काढून टाका.

इंजेक्शनच्या गाड्यांना बाउलच्या व्हेंटची कटकट नाही, बाकी सगळं तसंच आहे आणि कनेक्टर दुप्पट. टाकीखालचा पंपाचा कनेक्टर, थ्रॉटल पोझिशन सेन्सर आणि प्रेशर सेन्सरची रबरी नळी आधी पाहा. त्या नळीत थेंब अडकला तर ईसीयूला (इंजेक्शन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) दाब चुकीचा कळतो आणि मिश्रण बिघडतं.

ओलांडण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची. २१ इंची पुढच्या चाकाचा मध्य जमिनीपासून साधारण ३५ सेंमीवर असतो. तिथवरचं पाणी नीट तयार केलेल्या गाडीला जड जाऊ नये. सीटखालच्या हवेच्या वाटेपर्यंत येणारं पाणी असेल तर इंजिन बंद करून ढकलत न्या, आणि प्रवाह जोराचा असेल तर उतरूच नका. अनोळखी पाणी आधी पायी चालून पाहा. दुसरा गिअर, एकसारखी रेस, पुढच्या चाकापुढे लहानशी लाट राहील इतकाच वेग. जोरात घुसलं की पाणी उडून एअरबॉक्सवर आणि प्लगवर येतं. वेग कमी करायचा तर क्लच सरकवा, पण रेस सोडू नका. सायलेन्सरचं तोंड बुडालं तरी इंजिन चालू असेपर्यंत एक्झॉस्टचा दाब पाणी बाहेर ठेवतो. तोल जातोय असं वाटलं की पडायच्या आधी किल स्विच दाबा. इंजिन वाचवणारी याहून मोठी गोष्ट नाही.

कारण पाणी दाबलं जात नाही. १४:१ कॉम्प्रेशनच्या २५० सीसी इंजिनमध्ये पिस्टन वर असताना उरलेली जागा जेमतेम १९ मिली असते. त्याहून जास्त पाणी आत असताना सेल्फ किंवा किक मारली की कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणून गाडी बुडाली तर एकदाही किक न मारता बाहेर काढा, कॉक बंद करा, आणि पुढचं या क्रमाने :

१. एअरबॉक्स उघडा, फिल्टर काढून पाणी उपसा, फिल्टर तळहातांत दाबून काढा. हे राहिलं तर पहिल्याच किकला पुन्हा पाणी आत जाईल.

२. प्लग काढा. कॅपमध्ये एक प्लग घालून तो प्लगच्या भोकापासून लांब धातूला टेकवा किंवा किल स्विच दाबून ठेवा. उघड्या कॅपवर इंजिन फिरवल्याने कॉइल जाऊ शकते, आणि भोकातून उडणाऱ्या पेट्रोलला ठिणगी मिळता कामा नये.

३. गाडी मागच्या चाकावर उभी करून सायलेन्सर रिकामा करा. हे आधीच करायला हवं, विशेषतः टू-स्ट्रोकला. नाहीतर पुढच्या पायरीत एक्झॉस्टमधलं पाणी इंजिनात येतं.

४. टू-स्ट्रोक असेल तर कॉक आणि टाकीचं झाकण बंद असल्याची खात्री करून गाडी उलटी करा, वरच्या गिअरमध्ये मागचं चाक हाताने फिरवा. क्रँककेसमधलं पाणी प्लगच्या भोकातून आणि एक्झॉस्टमधून निघतं. फोर-स्ट्रोक उलटी करू नका. सरळ ठेवून, प्लग काढलेल्या स्थितीत, फवारा थांबेपर्यंत फिरवा.

५. बाउल रिकामा करा, ताजं पेट्रोल येऊ द्या, कोरडा प्लग लावा.

६. सुरू करण्याआधी तेल पाहा. दुधी दिसलं तर इंजिन चालवू नका. पाणी मिसळलेलं तेल बेअरिंगवर थर धरत नाही. तेल आणि तेलाचा फिल्टर बदला, काही मिनिटं हलक्या रेसवर चालवून पुन्हा काढा, रंग स्वच्छ येईपर्यंत हेच करा. बहुतेकदा दोन-तीन वेळा लागतं.

राइडनंतर गाडी धुताना प्रेशरचा फवारा प्लग, एअरबॉक्सची फट, टाकीचं झाकण आणि मॅग्नेट कव्हरच्या कडेवर धरू नका. अनेक गाड्यांत पाणी ओढ्यापेक्षा इथेच जातं. धुतल्यावर इंजिन दहा मिनिटं पूर्ण तापू द्या, निवलं की बाउलचा नट सोडून पाणी तपासा, आणि टू-स्ट्रोकचं मॅग्नेट कव्हर त्याच दिवशी उघडून पुसा. फ्लायव्हीलवरचा गंज रात्रभरात धरायला लागतो.